एका घरात एकच खातं

...आणि वर मलाच विचारतात हो, की महिनाभर त्या डब्यापाशी फतकल मारून तुम्ही नेमकं केलंत काय! म्हणजे केलं ते राहिलं बाजूला, उपकार तर नाहीतच, उलट... थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही त्यांच्याच बाजूचे व्हाल. सगळेच होतात.

मी पाणीपुरवठ्यातला माणूस. सत्तावीस वर्षं पंपिंग स्टेशनवर काढली. टाकी भरली का, व्हॉल्व्ह उघडला का, कुठल्या गल्लीला दाब कमी पडतोय, एवढंच माझं जग. कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसात ज्याच्यावर रजेचा अर्ज भरतात ते. आणि घरात माणसं चार. आई, आमची ही, मुलगी आणि मी. टीव्ही एक. आता भांडण कुठे होणार, हे सांगायला काय कमिशन नेमायला हवं?

आई म्हणजे रिटायर्ड नर्स. पस्तीस वर्षं जनरल वॉर्ड सांभाळलाय, त्यामुळे ती कानात जरी काही सांगायला लागली तरी शेवटच्या खाटेपर्यंत ऐकू जातं. तिला संध्याकाळी साडेसातला तिची मालिका लागते. दोन सख्ख्या बहिणी, सख्ख्या जावा झालेल्या, तीनशे भाग, डीव्हीडींचा कपाटभर गठ्ठा. आणि ही कामाला आहे पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्या हलवून घरी येते, आणि आल्यावर विरंगुळा म्हणून हिला बघायचे असतात खून! इन्स्पेक्टर, प्रेत, तपास... त्याच्याही डीव्हीडींचा गठ्ठा. वेळ? साडेसात. साडेसहाला म्हटलं तर ही बसमध्ये, साडेआठला म्हटलं तर आईची झोपायची वेळ. दोघींना साडेसातच हवेत.

आता आमच्याकडे भांडण म्हणजे आरडाओरडा नाही हं. आरडाओरडा परवडला. आमच्याकडे रिमोट पुसला जातो. ही पदराने... म्हणजे ओढणीने म्हणा, रिमोट स्वच्छ पुसणार, आईपुढे ठेवणार आणि म्हणणार, "घ्या आई, तुम्हीच बघा, माझं काय." आई तो रिमोट दोन बोटांनी परत सरकवणार आणि म्हणणार, "नको गं बाई, तू दमून आलीयेस, मी भिंतीकडे बघेन." आणि मग दोघी बंद टीव्हीकडे बघत तासभर बसणार. मी मध्ये. तुम्हाला सांगतो, त्या काळ्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसायचा आणि तो फार बरा दिसायचा नाही.

मग एक दिवस चहा पिता पिता आई सहज म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी थोरल्याकडे राहीन म्हणते. त्याच्याकडे दोन टीव्ही आहेत."

सहज म्हणाली हो. पण मी चहाचा कप खाली ठेवला. हसाल तुम्ही, पन्नाशी उलटलेला माणूस, पण खरं सांगतो, कामावरून दारात आलो आणि आतून "आलास का रे?" ऐकू आलं नाही, तर मला घरी आल्यासारखं वाटतच नाही. आईला जाऊ द्यायचं नव्हतं मला. दुसरं काही नाही. तुम्ही म्हणाल, मग तूही दुसरा टीव्ही घे ना! ठेवू कुठे? आईच्या खोलीत एका भिंतीला कपाट, दुसरीला खिडकी, तिसरीला दार आणि चौथीला आई.

म्हणून मी मेहुण्याला फोन केला. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरवाला. हा माणूस फोनवर कायम काहीतरी चावत असतो. म्हणाला, "भावजी, घरात मीडिया सर्व्हर बसवा की. जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडलाय ना? त्यात सगळ्या डीव्हीडी उतरवून ठेवायच्या. मग टीव्ही, टॅबलेट, मोबाइल, ज्याला जे हवं ते त्याने आपल्या खोलीत बघावं. सोपं आहे, भावजी." मी म्हटलं, म्हणजे गच्चीवर एक टाकी आणि प्रत्येक खोलीत नळ? म्हणाला, हां, तसंच समजा. आणि मी तसंच समजलो ना! तिथेच फसलो. कारण टाकीतलं पाणी कुठल्याही नळाला पाणीच असतं हो, हे यंत्र टीव्हीला एक सोडतं आणि टॅबलेटला नुसतंच गोल गोल फिरणारं चक्र सोडतं.

पहिले बारा दिवस गेले डीव्हीडी उतरवण्यात. एकेका डिस्कला वीस मिनिटं. घालायची, बसायचं, काढायची, पुसायची. मुलगी येता जाता विचारायची, "बाबा, अंडी उबवताय का?" मी लक्ष दिलं नाही. मग प्रश्न आला, हा डबा ठेवायचा कुठे. हॉलमध्ये नको, ही म्हणाली. स्वयंपाकघरात नको, आई म्हणाली. शेवटी ठेवला चपलांच्या कपाटात. त्याचा पंखा जुना, सुरू झाला की घरघर... आई दुपारी उठून बाहेर आली आणि म्हणाली, "चपलांच्या कपाटात कोण झोपलंय?"

बरं, तो रोज सकाळी बरोबर आठ वाजता बंद पडायचा. रोज! मी मेहुण्याला फोन करून मेमरी काय, हार्ड डिस्क काय, सगळं विचारून घेतलं, दोन दिवस डबा उघडून झाडला, ब्रशने पुसला, आणि तिसऱ्या दिवशी कळलं, आठ वाजता ही इस्त्री करते. इस्त्रीला प्लग लागतो. प्लग एकच. मग मी तिथे पाटी लावली, पंपावर लावतो तशी, 'चालू यंत्रणा, हात लावू नये.' आता ही इस्त्रीसाठी शेजारी जाते आणि शेजारीण मला जिन्यात भेटली की माझ्याकडे दयेने बघते.

पुढे तर गंमतच. मेहुणा म्हणाला, फाइलींना नीट नावं द्या, म्हणजे सर्व्हर आपोआप इंटरनेटवरून त्या मालिकेचं चित्र आणून लावतो. सोपं आहे, भावजी. आता मी नावं दिलेली कशी? 'आईची एक', 'आईची दोन', 'आईची दोन परत', 'आईची दोन ही खरी'. त्या सर्व्हरने आपल्या बुद्धीप्रमाणे जगभर शोध घेतला आणि आईच्या मालिकेला चित्र लावलं एका भुताच्या सिनेमाचं. केस मोकळे सोडलेली बाई, डोळे पांढरे, हातात कोयता! आईने टॅबलेट उघडला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ही धाकटी जाऊ का? एवढी कशाने खंगली?" तीनशे नावं बदलली हो मी. एकेक करून, एका बोटाने.

ते झालं तर पत्ता बदलायला लागला! म्हणजे त्या सर्व्हरला घरातल्या घरात एक पत्ता असतो, आकड्यांचा, आणि वीज जाऊन आली की त्याला नवाच पत्ता मिळायचा. मी म्हटलं, अरे कपाट तेच, चपला त्याच, मग याचा पत्ता कसा बदलतो? मेहुणा म्हणाला, तो कायमचा करता येतो, राउटरमध्ये एकच खूण करायची असते, सोपं आहे, भावजी. ती एक खूण सापडायला मला रविवार गेला. पूर्ण रविवार. पण सापडली! आणि संध्याकाळी हॉलमध्ये टीव्हीवर, आईच्या खोलीत टॅबलेटवर आणि मुलीच्या मोबाइलवर, तिन्हीकडे एकदम चित्र आलं ना, तुम्हाला सांगतो, नव्या वस्तीत पहिल्यांदा नळाला पाणी येतं तेव्हा व्हॉल्व्हवर हात ठेवून उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच वाटलं. कुणी बघितलं नाही माझ्याकडे, पण वाटलं.

आता ऐका, चूक इथे झाली. मेहुणा म्हणाला होता, "भावजी, शेवटी चार खाती करा. प्रत्येकाचं वेगळं. म्हणजे ज्याने जिथे थांबवलं तिथूनच त्याला पुढे दिसेल." आणि मी काय म्हटलं असेन? मी म्हटलं, अजिबात नाही. माझ्या घरात चुली वेगळ्या होणार नाहीत, कॉम्प्युटरमध्येसुद्धा नाही. एका घरात एकच खातं! अहो, ज्याची आई घर सोडून निघालीये, त्याला कुणी चार वाटण्या करा म्हटलं तर दुसरं काय सुचणार? मेहुणा चावायचा थांबला. म्हणाला, "ठीक आहे, तुमचं घर."

झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने टॅबलेट उघडला, 'पुढे बघा' दाबलं, आणि यंत्राला काय माहीत कोण बघतंय, त्याने शेवटचं अर्धवट राहिलेलं समोर ठेवलं. आदल्या संध्याकाळी हिने सोडलेला खून! भाग नववा, प्रेत टेबलावर. आईने तो थोडा बघितला, मग आपली मालिका लावली आणि ती अर्ध्यावर सोडली. संध्याकाळी ही आली, टीव्हीवर तेच बटण दाबलं, तर समोर आईच्या दोन जावा. भाग शेहेचाळीस, धाकटी ट्रंक भरतेय, मोठी दारात उभी. हिचे हात भरलेले होते भाजी निवडण्यात, त्यामुळे तिने बदललं नाही. दहा मिनिटांनी भाजी बाजूला, आणि ही पुढे सरकून बसलेली.

मी आपला घाबरलो, म्हटलं आता रिमोट पुसला जाणार. पण ही उठली, आईच्या खोलीच्या दारात गेली आणि जरा अवघडून म्हणाली, "आई, ती धाकटी घर का सोडतेय?"

आई म्हणाली, "ते कळायला तुला मागचे पंचेचाळीस भाग सांगावे लागतील. बस." आणि मग, जरा वेळाने, "अगं, पण तुझ्या त्या खुनात नर्सला सलाइन लावता येत नाही हं. केवढा बुडबुडा होता नळीत. खुनी यायच्या आधी तिनेच मारलं असतं पेशंटला."

"आणि रिपोर्ट बघितलात का आई? पाच मिनिटांत रक्ताचा रिपोर्ट! आमचं मशीनच गरम व्हायला वीस मिनिटं लागतात."

"कंपाउंडरने मारलंय."

"आई, सांगू नका ना, मी अजून बघितलं नाही!"

"मीही बघितलं नाही. पण हात बघ त्याचे. इतके धुतलेले हात प्रामाणिक माणसाचे नसतात."

कंपाउंडरच निघाला हो! ही दोन दिवस लॅबमध्ये सगळ्यांना सांगत होती, आमच्या आईंनी नवव्या भागातच ओळखलं. आमच्या आईंनी! वीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं मी हे. तेव्हापासून दोघी आईच्या पलंगावर, मध्ये उशीला टेकवलेला टॅबलेट, एक दिवस जावा आणि एक दिवस प्रेत. आणि हॉलमधला टीव्ही? मोकळा. मला हवं ते बघायला मोकळा. पण एकट्याने काय बघायचं? मी आपला एकदा त्यांच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला टेकलो, तर आई म्हणाली, बसायचं तर बस, पण मध्ये मध्ये प्रश्न विचारू नकोस.

मध्यंतरी मेहुणा राहायला आला. त्याने बघितलं सगळं एकाच खात्यात चाललंय, त्याला बघवेना, मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्याने चार खाती करून टाकली. प्रत्येकाला छोटं चित्र, आईला मांजर, हिला फूल, मुलीला चांदणी. मला बेडूक. संध्याकाळी आईने उघडलं तर खून गायब, हिने उघडलं तर जावा गायब... तुम्हाला सांगतो, दोघी एकदम बाहेर आल्या आणि एकदम बोलल्या. कुणावर? माझ्यावर! "कुणी सांगितलं होतं तुम्हाला नसते उद्योग करायला? चांगलं चाललं होतं!" मेहुणा शेजारीच उभा होता, शांतपणे चावत. मग मीच बसून चारचं परत एक केलं.

पण मी आत कुठेतरी खूश होतो हं. म्हटलं, थोरल्याचा विषय संपला. आई राहिली. जिंकलो.

आणि गेल्या आठवड्यात जेवताना आई म्हणाली, "आम्ही दोघी थोरल्याकडे जाऊन येतो पंधरा दिवस. नातीलाही सुटी आहे, तिलाही नेतो."

मी म्हटलं, दोघी? म्हणजे तिघी? आणि मी?

"अरे, मोठ्या सूनबाईलाही बघायचंय ना सगळं. तिचं पहिल्या भागापासून करून घ्यायला हवं. हिच्या भावाने सांगितलंय, आपल्या पेटीतलं तिकडे बसूनही दिसतं, सोपं आहे म्हणे. फक्त पेटी इथे चालू राहायला हवी."

मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, ही तरी म्हणेल, तुम्हीही चला. ही म्हणाली, "वीज गेली आली तर बटण दाबायला कुणीतरी घरात हवं ना!"

गेल्या. तिघीही गेल्या. आईने जाऊ नये म्हणून महिनाभर राबलो, तर आई गेली आणि जाताना घर बरोबर घेऊन गेली. आता संध्याकाळी दार उघडलं की आतून फक्त चपलांचं कपाट घरघरतं.

काल बरोबर साडेसातला फोन वाजला. आईचा! धावत जाऊन उचलला. म्हटलं, आठवण आली शेवटी. "बोल आई," म्हटलं, "कशी आहेस?"

"मी बरी आहे रे. पण इथे चित्र अडकतंय. तू टीव्ही लावून बसलायस का तिकडे? मग तो बंद कर बघू जरा."

केला.