थरथर हवी

गॅरेजच्या बाकावर मी माझ्या गाडीची वाट बघत होतो. समोर एका जुन्या, चिमुकल्या गाडीचं बॉनेट उघडं होतं. मेकॅनिक पन्नाशीच्या एका गृहस्थाला समजावत होता.

"मोठं इंजिन नकोच. गाडी हलकी आहे, पुढून बसेल. हे छोटं नवं घ्या. वजन तेवढंच, आणि चालतं कसं, लोण्यासारखं."

"थरथरतं का?"

"थरथरीचं नाव नाही! मांडीवर चहा ठेवा, हिंदकळणार नाही."

"मग नको."

"अहो, लोक थरथर घालवायला येतात माझ्याकडे."

"जुनंच दुरुस्त नाही होणार?"

"त्यात जीवच उरला नाही, दादा."

"मग तसंच धडधडणारं दुसरं बघा. वापरलेलं चालेल."

"पण कशासाठी?"

"वडिलांना आता काही आठवत नाही. मला अहोजाहो करतात. 'या, बसा, कुणाकडे आलात?' असं रोज विचारतात."

"अरेरे."

"याच गाडीवर त्यांनी मला शिकवलं. आता त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी थरथरली, की अजून हातावर चापट मारतात. म्हणतात, 'अरे गाढवा, क्लच हळू सोड.'"