दोन्ही घरांना चालतील अशी गाणी

मंडळी, कीर्तन पुढे नेण्याआधी एक सांगा मला. माणूस आवाज मोठा का करतो? ऐकू यावं म्हणून? मागच्या मावशींनी मान हलवली, हो म्हणाल्या. मावशी, तुम्ही भाबड्या आहात. याला दुसरंही एक कारण असतं — आणि ते कळलं की माणूस कानाला हात लावतो!

तर ऐका. बार्शीचे सर्जेराव थोरबोले. पोस्टातून निवृत्त. इतका शांत माणूस, की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा! आणि या माणसानं लेकीच्या रिसेप्शनला काय मागावं? डीजे! मागताना डीजेवाल्याला विचारलं काय?

"शेजारचा माणूस बोलला तर ऐकू येईल का हो?"

"काका, शेजारचा सोडा. तुमचं तुम्हाला ऐकू येणार नाही."

"ठरलं!"

घरात सगळे हबकले. पत्नी अलकाताई म्हणाल्या, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

आता आतली गोष्ट सांगतो, कुणाला सांगू नका — कर्णा थेट वेशीपर्यंत लावलाय, तरीही! सर्जेरावांचा धाकटा भाऊ हणमंत. नऊ वर्षांपूर्वी गावी आई अंथरुणाला खिळली. हणमंतानं तिचं सगळं केलं. सर्जेराव एकदाही आले नाहीत. आई गेली, आणि तेराव्याला हणमंतानं चारचौघांत विचारलं, "दादा, तू कुठं होतास?" सर्जेराव पानावरून उठून गेले. तेव्हापासून अबोला! आता पुतणीचं लग्न म्हटल्यावर काका येणारच. आणि नव्या सोयऱ्यांसमोर त्यानं पुन्हा तेच विचारलं तर?

लोक मध्ये भिंत बांधतात. यांनी स्पीकर मागवले!

पुढे ऐका. सोयरे लातूरचे शेटे. त्यांचा मान राहावा म्हणून सर्जेरावांनी नियम केला — यादी दोन्ही घरांत फिरवायची, दोघांनी बरोबरची खूण केली तरच गाणं वाजवायचं. किती सज्जन विचार! दोन्हीकडच्या पसंतीच्या चाळीस गाण्यांची यादी निघाली लातूरला.

विहीणबाईंनी पहिलंच गाणं कापलं. का? त्यातल्या नटीचा घटस्फोट झालाय! इकडे अलकाताई पेटल्या. "आमचं कापतात? मग त्यांचंही एक काढा. त्यात नवरी रडते." तिकडून निरोप — तुम्ही आमच्या पसंतीचं काढलंत, आम्ही दोन काढतो! एकात पेला दिसतो. एकात दोघं पावसात भिजतात, तेही वडीलधाऱ्यांसमोर! एक नुसती बासरी होती, शब्दच नाहीत. त्यावर विहीणबाई काय म्हणाल्या? "शब्द नाहीत म्हणजे काय सुचवायचंय कुणास ठाऊक. नकोच!"

मृदंगमणी, हसू नका. तुमच्या धाकट्याची लग्नपत्रिका मिळालीय मला.

आणि सर्जेराव? प्रत्येक निरोपाला एकच उत्तर — "बरं, काढा." काय काढलं ते सगळ्यांना पाठ. उरलं काय, हे एकानंही पाहिलं नाही!

रविवारची दुपार. कार्यालय भरलेलं. स्टेजच्या दोन्ही अंगांना पुरुषभर उंचीचे स्पीकर. दारातून हणमंत आत शिरताना दिसला, आणि सर्जेरावांनी डीजेला खूण केली — लाव! मोठ्यानं लाव!

डीजेनं कागद पुढं धरला. "काका, काय लावू? चाळीसातल्या एकावरही दोन खुणा नाहीत!"

"अरे, काहीही लाव!"

"नाही हो. मागच्या लग्नात मनानं एक लावलं, तर नवरदेवाच्या मामांनी खुर्ची घालून मशीन फोडली. खूण नाही, गाणं नाही!"

शांतता, मंडळी! तीनशे माणसं, आणि आवाज नाही! जेवणाच्या टेबलावर कुणी पापड मोडला, तो आहेराच्या रांगेत ऐकू आला!

हणमंत स्टेजवर चढला. पुतणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि वळला.

"दादा," तो हळूच म्हणाला, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचलं, "आई तीन दिवस तुलाच विचारत होती. मी सांगत राहिलो — वाटेत आहे, आत्ता येईल. ती दाराकडे बघत गेली. मी तिच्याशी खोटं बोललो का रे? एवढंच सांग."

सर्जेरावांनी पुन्हा डीजेकडे पाहिलं. तो मान खाली घालून वायर गुंडाळत होता.

"खोटं... नव्हतं ते. आलो होतो मी. आपल्या स्टँडवर उतरलो होतो. घराचं दार दिसत होतं, हणमा. पाय उचलेना. तिला तसं बघवलं नसतं मला. समोरून आलेल्या गाडीत बसलो आणि परत गेलो."

अलकाताईंच्या हातातलं ताट कलंडलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं!

हणमंत म्हणाला, "माहीत आहे. स्टँडवरच्या चहावाल्यानं सांगितलं होतं."

"मग तेराव्याला विचारलंस कशाला?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

बघा! एका वाक्याचं काम, आणि नऊ वर्षं! शेवटी विहीणबाईच पुढे झाल्या. "व्याही, फोटो राहू द्या. दोघं भाऊ आधी एका टेबलावर जेवून घ्या." पहिल्यांदाच दोन्ही घरांचं एकमत झालं!

तुम्ही म्हणाल, बुवा, आमच्याकडे कुठला डीजे? नाही कसा! जेवायला बसताना टीव्ही लावता, तो बातम्यांसाठी? कोपऱ्यात बसलेला बाप काहीतरी विचारेल म्हणून ना? आणि मी तरी कोण मोठा शहाणा! माझं दुकानच टाळ-मृदंगाचं!

मृदंगमणी, थांबा. पेटी बंद करा. टाळ खाली ठेवा.

...

आलं ना एक नाव मनात? कासावीस झालात ना? आता वाट बघताय, बुवा कधी गजर सुरू करतात आणि कधी सुटतो आपण! रीत तीच आहे. पण आज गजर नाही, मंडळी. आज माझ्याकडून तुम्हाला तेवढाही आवाज मिळणार नाही. उठा, आणि असेच घरी जा.