शाळेच्या माळवदावरची माती

मी इथलीच, घाटनांदुराजवळच्या वाडीतली. बाप मजुरी करायचा, घर मातीचं अन् वर माळवद, म्हंजे लाकडं टाकून त्याच्यावर थापलेली माती, आमच्याकडं समद्यांचं तसंच असतंय. मी ल्हान असताना एकदा भुई हालली अन् माळवद खाली बसलं, खाली माझा भाऊ निजला व्हता, तो गेला. भिंती उभ्याच राहिल्या बघा. आई मरंस्तोवर भिंतींनाच शिव्या द्यायची, मारलं वरच्या मातीनं, पर तिला कोण सांगणार.

पुढं नवरा गेला अन् मला शाळा झाडायचं काम मिळालं. शाळा निजाम सरकारची, पर माळवदाची काळजी गावाची. आमच्यात रीत हाय, मिरगाच्या आधी घरटी एक पाटी पांढरी माती शाळेवर टाकायची, गळू न्हाई म्हणून. पुण्याचं काम, कुणी चुकवत न्हाई. अन् जुनी माती कोण काढतंय? थरावर थर, पार गुडघ्याएवढी माती झालती लेकरांच्या डोक्यावर.

मग पुन्यांदा भुई हालली. जरा जराच, पर शाळेची एक तुळई भिंतीतून सरकली. सुट्टी व्हती म्हणून निभावलं. तालुक्याचा बांधकामाचा साहेब आला, वर चढला, खाली उतरला अन् पाटलाला म्हणला, भिंत बरी हाय, वझं लई झालंय, माती उतरवा, तुळईखाली खांब द्या, मगच पोरं बसवा. साहेब गेला. पाटील म्हणले, गावानं भक्तीनं टाकलेली माती खाली फेकायची व्हय, उद्या शाळा गळंल. झालं, कुणी खोरं उचललं न्हाई.

काय सांगू तुमाला, मला रातभर भाऊच दिसला. सकाळी खोरं घेऊन एकटीच वर गेले. पाटील खालून वरडले, उतर म्हणून. मी म्हणलं, उतरते की, पर ज्याची त्यानं आपली पाटी आपल्याच लेकराच्या डोक्यावर धरून उभं ऱ्हावं. त्यांचा नातू शाळेत व्हता. त्यांची सून पदर खोचून शिडी चढली. मग गडी आले, लाजेकाजेनं. माती उतरली, तुळईखाली खांब लागला.

तवापास्नं दर मिरगाला मी शिडीपाशी बसते, जुनी पाटी खाली आल्याबिगर नवी वर जाऊ देत न्हाई. लोक कावतेत. कशाला बसलीस म्हातारे, भुई काय रोज हालती का, म्हणतेत. खरं हाय, पुन्यांदा हालली न्हाई. थर पातळ म्हणून शाळा मात्र गळती, लेकरं भिजतेत, शिव्या मला. आता गुडघे चालंनात, माझ्यामागं शिडीपाशी कोण बसंल, देवाला ठावं. सुखी ऱ्हावा समदे. भिजलेलं लेकरू सांजच्याला घरी तर येतंय.