बटणवाल्यांचा बाणा

पुतणी: डोळे आलेत का, काका?

काका: अं? कोण... तू होय! नाही गं, हल्ली जरा उजेड सहन होत नाही.

पुतणी: म्हणून काळा चष्मा. आणि जन्मात कधी न घातलेली टोपी. तरी चालण्यावरून ओळखलं बघा. या, बसा. ऑफिस शेजारच्या देशाचं असलं तरी खुर्च्या मऊ आहेत.

काका: तू इथे काय करतेस?

पुतणी: तुम्ही जे करणार आहात तेच. फक्त मी लवकर उठले, त्यामुळे पहिला नंबर माझा.

काका: मी आपला सहज आलो होतो. या बाजूला काम होतं.

पुतणी: आज सगळ्यांचंच या बाजूला काम निघालंय. त्या कुंडीमागे आपले खजिनदार दडलेत. कार्यवाह जिन्यात बुटाची नाडी बांधताहेत, मी आल्यापासून बांधताहेत. बटण कारखानदार संघटनेची अख्खी कार्यकारिणी हजर आहे. कालच्या निषेध सभेलासुद्धा एवढे जमले नव्हते.

काका: हळू बोल.

पुतणी: काल अध्यक्षांचा आवाज माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. ‘बंदर हवंय? आधी आमच्या छातीवर पाय ठेवा!’ मी इतक्या टाळ्या वाजवल्या की रात्री तळहातांना तेल चोळावं लागलं.

काका: मनापासून बोललो होतो मी. मोठा देश आहे म्हणून काय आमचं बंदर भाड्याने मागणार? आणि नाही म्हटलं तर पहिल्या तारखेपासून आमच्या मालावर निम्म्या किमतीएवढा कर? ही काय शेजारधर्माची पद्धत झाली?

पुतणी: मुळीच नाही. म्हणून तर आपण बाणेदारपणे त्यांच्या रांगेत बसलोय.

काका: सरकारने काही हालचाल केली असती तर ही वेळ आली असती का?

पुतणी: असं कसं म्हणता? सरकारने सोमवारी गंभीर दखल घेतली, बुधवारी तीव्र नाराजी व्यक्त केली. आता समिती नेमायची तेवढी राहिलीय. शेजाऱ्यांची झोप उडाली असेल. काय हो बाई, आमचे व्यापारमंत्री इकडे फिरकतात का कधी?

खिडकीवरची बाई: मंत्र्यांची वेळ चारनंतर असते, मॅडम. त्यांना मागचं दार आहे.

पुतणी: ऐकलंत?

खिडकीवरची बाई: नवीन आलेल्यांसाठी नियम पुन्हा सांगते. प्रत्येक धंद्यातल्या एकाच कारखान्याला करमाफी मिळेल. आत जायचं, ‘बंदराबाबत आमच्या सरकारचा हट्ट चुकीचा आहे’ या मजकुराखाली सही करायची आणि बाहेर यायचं. पेन आमचं.

पुतणी: पेनसुद्धा देतात. किती ती माया.

काका: तू करणार सही?

पुतणी: करणार. लाज वाटतेय, पण करणार. माझ्याकडे दोन आठवड्यांपुरतं काम उरलंय, काका. चाळीस बायका शिंपले घासतात, भोकं पाडतात, रंग जुळवून बटणं पुठ्ठ्यावर शिवतात. त्यांना घरी बसवायचं तर मी कोणत्या तोंडाने सांगू? तुमचं बरं आहे. वाटणीत बाबांनी यंत्रं घेतली, तुम्ही जागा घेतली. तुमच्या कारखान्यातली बटणं नाही गेली तरी गोदामांचं भाडं येतंय.

काका: दादाचं नाव काढलंस म्हणून विचारतो. दादाने केली असती सही?

पुतणी: बाबांना मध्ये आणू नका.

काका: आणणार. त्यांच्या फौजेतल्या साहेबांच्या कोटांना बटणं कोण पुरवतं?

पुतणी: आपण. परवा टीव्हीवरून आपल्याला दम दिला ना, त्या साहेबाच्या कोटाला माझ्याच कारखान्यातली होती. छान बसली होती.

काका: शिंपल्याचं तसं बटण दुसरं कोण करतं?

पुतणी: कुणीच नाही.

काका: मग? आपल्यातल्या एकानेही सही केली नाही, एकानेही माल पाठवला नाही, तर दोन महिन्यांत त्यांचे साहेब कोट धरून संचलन करतील. सलाम कोणत्या हाताने ठोकणार?

पुतणी: हा मुद्दा काल भाषणात का नव्हता?

काका: काल पत्रकार होते. कामाचं बोलायची सोय नव्हती. हे बघ, आपण एकेकटे येतो म्हणून ते एवढे मोठे दिसतात. आज नशिबाने सगळे एका खोलीत सापडलोय. सगळ्यांनीच नाही म्हटलं तर माफी द्यायला त्यांना माणूस कुठून मिळेल? दोन आठवडे तू काढ, पुढचे सहा मी बघतो. तुझ्या बायकांचे पगार माझ्या भाड्यातून.

पुतणी: खरंच?

काका: दादाची मुलगी आहेस तू.

पुतणी: खजिनदारसाहेब, या कुंडीमागून बाहेर. कार्यवाहांनाही बोलवा, नाडी बांधून झाली असेल तर. ऐकलंत ना सगळ्यांनी? कुणीच सही करायची नाही. आहे कबूल? काका, सगळ्यांच्या माना हलताहेत हो. सकाळपासून डबा उघडला नव्हता मी. आता जेवेन म्हणते.

खिडकीवरची बाई: बटणं, नंबर एक.

पुतणी: आलेच. जाऊन सांगते, बटणवाल्यांना तुमची माफी नको म्हणून.

काका: थांब. तू लहान आहेस, आत तुला गुंडाळून ठेवतील. असलं काही अध्यक्षाने सांगायचं असतं. तुझा नंबर मला दे.

पुतणी: घ्या. आणि कालच्यासारखं बोला. दाराबाहेर ऐकू आलं पाहिजे.

(काका आत जातात. दार लागतं.)

पुतणी: बाई, दार बरंच जाड दिसतंय तुमचं. काहीच ऐकू येत नाहीये.

खिडकीवरची बाई: आत कुणी ओरडत नाही, मॅडम.

पुतणी: आमचे काका ओरडतील. नाही म्हणायला साधारण किती वेळ लागतो?

खिडकीवरची बाई: सांगता येणार नाही. अजून कुणी म्हटलेलं नाही.

पुतणी: ही घंटी कसली वाजली?

खिडकीवरची बाई: आत चहा मागवलाय. दोन कप.

पुतणी: नाही म्हणणाऱ्यालाही चहा देत असतील. रीतभात असते एकेकाची.

खिडकीवरची बाई: हो मॅडम. असते.

काका (बाहेर येत): चल, निघू या.

पुतणी: काय म्हणाले?

काका: शांतपणे ऐकून घेतलं सगळं. फार सभ्य माणूस आहे.

पुतणी: काका, बोटाला शाई लागलीय तुमच्या.

काका: हे बघ, खजिनदाराचा काय भरवसा? आज मान हलवली, उद्या येऊन सही करून गेला असता. त्यापेक्षा माफी घरात राहिली. तुझा माल माझ्या नावावर पाठवू. थोडंसं कमिशन, तेही घरातलंच.

पुतणी: आणि मजकूर वाचलात का?

काका: चष्मा काळा होता गं.

खिडकीवरची बाई: बटणांची जागा भरली. बटणवाल्यांनी खुर्च्या मोकळ्या कराव्यात. हातमोजेवाले जिन्यात उभे आहेत.

काका: तुझ्या बायकांना मी घेतो. एकीलाही घरी बसू देणार नाही, शब्द आहे माझा.

पुतणी: घ्या. माझ्यापाशी राहून उपाशी मरण्यापेक्षा ते बरं. पण त्यांना शब्द देऊ नका, पगार द्या.

काका: बरं बाई. चल, गाडी आहे, सोडतो तुला.

पुतणी: तुम्ही व्हा पुढे.

काका: आता इथे बसून काय करणार आहेस?

पुतणी: हातमोजेवाल्यांत पहिला नंबर कुणाचा आहे ते बघते. त्याच्याशी जरा बोलायचंय.

काका: काय बोलणार?

पुतणी: एवढंच, की नाही म्हणायचं असेल तर स्वतः आत जा. घरातलं मोठं माणूस पाठवू नकोस.