प्लग उजवीकडच्या घरात

मैसून: नाही म्हणजे नाही, खाला. मेन स्विच बंद झाल्याशिवाय न्हाणीघराच्या या भिंतीत करवत घालणार नाही.

उम्म निदाल: अगं पोरी, अकरा वाजलेत. एक वाजता नळाला गुरुवारचं पाणी येणार आणि सात वाजता जाणार. मग डायरेक्ट पुढचा गुरुवार. मागच्या खेपेचं सगळं पाणी या भिंतीत जिरलं, गच्चीवरच्या टाकीत थेंब चढला नाही. आठवडाभर डब्यातल्या पाण्याने नमाजाआधीची वुजू करतेय मी, सत्तरीच्या गुडघ्यांनी डबे वाहतेय. आणि तू नियम सांगतेस.

मैसून: भिंतीतला फुटका नळ दोन ठिकाणी कापायचा, मधे नवा तुकडा घालायचा. दीड तासाचं काम. पण वीज बंद हवी.

उम्म निदाल: माझ्या नवऱ्याने हातकरवतीने कापला असता, बोलत बोलत.

मैसून: नळ त्यांनीच बसवला ना?

उम्म निदाल: नळही त्याने, वायरिंगही त्याने. अल्लाह रहम करो त्याच्यावर, बाहेरच्या माणसाला भिंतीला हात लावू दिला नाही.

मैसून: मग सांगा, या नळामागून वायर कुठून गेलीय?

उम्म निदाल: जिथून पुरली तिथून. त्याला कोण विचारणार होतं?

मैसून: हेच म्हणते मी. हे पातं पुढे-मागे धावतं, नळ कापतं आणि पलीकडे बोटभर घुसतं. पलीकडे काय आहे ते त्याला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही.

उम्म निदाल: बरं बाई, कर बंद तो स्विच. तोंड वाजवत बसलीस.

मैसून: बंद केला तर करवत कशावर चालवू? ही वायरीची आहे.

उम्म निदाल: बॅटरीवाली आणायची.

मैसून: आमच्या बायकांच्या संस्थेत एकच आहे. ती आज ज़रक़ा शहरातल्या कामावर गेलीय.

उम्म निदाल: वरच्या मजल्यावरून घे.

मैसून: तुमचा मुलगा निदाल कुवेतला, वर कुलूप. आणि मीटर एकच.

उम्म निदाल: समोर बेकरी आहे.

मैसून: वायर रस्त्यावरून टाकू? ट्रकची चाकं जातील तिच्यावरून. डावीकडे मोकळी जागा. उजवीकडे घर आहे, स्वयंपाकघराची खिडकी आपल्या अंगणात उघडते. माझी वायर आरामात पोचेल.

उम्म निदाल: उजवीकडे कुणी राहत नाही.

मैसून: मग आत भांडी कोण घासतंय?

उम्म निदाल: माझ्यापुरतं कुणी राहत नाही. अकरा वर्षं झाली.

मैसून: कोण आहे?

उम्म निदाल: बहीण. फिरियाल. धाकटी. घे, कॉफी घे, डोकं ठिकाणावर येईल तुझं.

मैसून: ठेवली.

उम्म निदाल: ठेवलीस? एक घोट न घेता?

मैसून: मागणं मान्य झालं की पिईन.

उम्म निदाल: अगं, ही पुरुषांची रीत! मुलीला मागणी घालायला येतात तेव्हा कप असा खाली ठेवतात, नाहीतर खुनाचा समेट करायला येतात तेव्हा. बाईमाणूस असं करतं का?

मैसून: नळ जोडणंही पुरुषांचंच होतं. पण पुरुष एकट्या बाईच्या घरात शिरत नाही, म्हणून तुम्ही मला बोलावलंत. मी माझी रीत सोबत आणली. माझं मागणं एवढंच: मेन स्विच बंद, आणि प्लग उजवीकडच्या घरात.

उम्म निदाल: आण इकडे ती करवत. मी कापते.

मैसून: घ्या.

उम्म निदाल: चालू होत नाही.

मैसून: प्लग माझ्या खिशात आहे.

उम्म निदाल: लबाड आहेस.

मैसून: हा अंगठा बघा, खाला. शिकत होते तेव्हा पातं बदलताना प्लग भिंतीतच राहिला होता. खटक्याला कोपर लागलं. अर्ध्या सेकंदाचं काम. तेव्हापासून प्लग आधी खिशात येतो, मग हात पात्याला लागतो. तुम्ही रागवा, टाकी कोरडी राहू द्या, माझं नाव गल्लीभर खराब करा. मी बधणार नाही.

उम्म निदाल: बापावर गेलीस की आईवर?

मैसून: अंगठ्यावर.

फिरियाल: ए मुली. तिला सांग, खिडकी उघडी आहे. सगळं ऐकू येतंय मला.

उम्म निदाल: तिला सांग, चोरून ऐकायची खोड तिची लहानपणापासूनची.

मैसून: मधली भिंत माझ्या कमरेइतकी आहे. तुम्ही दोघी मला का सांगताय?

फिरियाल: वीज हवी असेल तर माझ्या बहिणीने, विसालने, स्वतःच्या तोंडाने मागावी.

उम्म निदाल: आई गेली तेव्हा तीन दिवस सांत्वनाला येणाऱ्यांसाठी दार उघडं होतं. सगळं अम्मान येऊन बसून गेलं. ही चौथ्या दिवशी फाटकाशी आली, खुर्च्या परत गेल्यावर. हिच्याकडे मागू? त्यापेक्षा डबे वाहीन.

मैसून: मग मी निघते, खाला. सामान भरायला दोन मिनिटं लागतील.

फिरियाल: थांब, मुली. फाटकाजवळची तुती बघितलीस?

मैसून: बघितली. पानं लोंबलीत.

फिरियाल: आईने लावलीय ती. आठवडाभर इथून बघतेय तिचे हाल. तुतीसाठी देते वीज. घरासाठी नाही.

उम्म निदाल: तुतीसाठी असेल तर माझी हरकत नाही. घरासाठी मी मागितलेलीच नाही.

मैसून: मान्य? दोघींना?

उम्म निदाल: पी आता ती कॉफी.

मैसून: गार झाली.

उम्म निदाल: गारच पी. रुसल्याची शिक्षा.

मैसून: फिरियालखाला, तुमच्या बोर्डात वीज गळली की आपोआप पडणारा खटका आहे?

फिरियाल: आहे. आमच्याकडे वायरिंग नवऱ्याने केलेलं नाही.

उम्म निदाल: ऐकलंस? मेलेल्या माणसालाही सोडत नाही.

मैसून: मेन स्विच पाडला. आता दिवा लावून बघा. नाही लागला? न्हाणीघरातला? बाहेरचा? बरं. नळाची कळ बंद, उरलंसुरलं पाणी बादलीत. जमीन पुसा, मी कोरड्या फळीवर उभी राहते. वायर खांद्यावरून मागे. फिरियालखाला, मी सांगेन तेव्हाच प्लग लावा. आणि तुम्ही, खाला, नळ धरायला येऊ नका.

उम्म निदाल: कुणीतरी धरायला नको?

मैसून: त्याला शिकंजा लावलाय. नळ लोंबला तर पातं चिमटीत सापडतं आणि करवत उसळते. करवतीची ही लोखंडी टाच नळाला घट्ट टेकवायची, दोन्ही हातांनी धरायची, मगच खटका दाबायचा. तुम्ही दारात. चष्मा घाला. हा माझा जादाचा.

उम्म निदाल: मी बेडकासारखी दिसतेय.

फिरियाल: तिला सांग, आधीही फारसा फरक नव्हता.

मैसून: लावा प्लग.

(करवत सुरू होते. मैसूनच्या कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या. दारात उम्म निदाल, खिडकीत फिरियाल. दोघींना एकमेकींचं एक अक्षर ऐकू येत नाही.)

उम्म निदाल: आता बोलते. आता कोण ऐकतंय.

फिरियाल: तुला काय वाटतं, मला आई नव्हती?

उम्म निदाल: माझ्या शेजारची खुर्ची तुझी होती. अब्बांच्या बहिणीलासुद्धा बसू दिलं नाही तिथे.

फिरियाल: इस्पितळात आईच्या उशाशी उभी राहून तू म्हणालीस, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस.

उम्म निदाल: लोक विचारायचे, इथे कोण बसणार? मी म्हणायचे, येतेय, वाटेत आहे.

फिरियाल: मी शब्द पाळला. तू सांगितलंस तेच केलं. आयुष्यभर तू सांगितलंस तेच केलं.

उम्म निदाल: तीन दिवस वाटेत होतीस तू. दहा पावलांच्या वाटेत.

फिरियाल: आत गेले नाही. पण घरीही थांबले नाही, विसाल. (करवत थांबते.) तिन्ही दिवस तुतीखाली उभी होते मी.

मैसून: एक घाव झाला. पातं पूर्ण थांबेपर्यंत मी बाहेर काढत नाही, आणि कुणी हात लावू नका, तापलंय. कोण काय म्हणालं तुतीचं? कानावरची टोपी काढता काढता शेवटचं ऐकू आलं.

फिरियाल: काही नाही.

मैसून: खाला?

उम्म निदाल: कर तुझं काम.

मैसून: चष्मा काढू नका, अजून दुसरा घाव आहे.

उम्म निदाल: लोखंडाचा भुगा गेला डोळ्यात.

मैसून: चष्म्यातून?

उम्म निदाल: कर म्हटलं ना तुझं काम.

मैसून: झाला दुसराही. आता या खाला, आत बघा. कापलेल्या नळामागे काय दिसतंय?

उम्म निदाल: वायरी. दोन.

मैसून: एकीची साल निघालीय. पात्याने काढली. मेन स्विच चालू असता तर पाणी येवो न येवो, मी आत्ता या फळीवर पडलेली असते.

उम्म निदाल: अबू निदाल, अरे निदालच्या बापा. वायर पुरली तिथून.

मैसून: नवा तुकडा बसवून, सांधे आवळून अर्ध्या तासात मोकळी होते. या वायरीला मी हात लावणार नाही, तिला वीजवाला बोलवा. तो येईपर्यंत न्हाणीघराचा खटका पाडलेलाच राहील, त्यावर चिठ्ठी चिकटवते. त्याआधी पातं काढून ठेवायचंय. फिरियालखाला, तेवढा प्लग—

उम्म निदाल: तिला सांगू नकोस.

मैसून: मग मला पात्याला हात लावता येणार नाही.

उम्म निदाल: पाठ झालाय तुझा नियम. आधी प्लग, मग पातं. मी काढून आणते.

मैसून: हाक मारली तर त्या खिडकीतून देतील.

उम्म निदाल: खिडकीतून काय, मी चोर आहे? फाटकाने जाईन. तुतीखालून. हा बेडकाचा चष्मा घे तुझा. माझी ओढणी सरळ आहे?

मैसून: सरळ आहे.

उम्म निदाल: आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. मी समेट करायला जात नाहीये. प्लग काढायला जातेय.

मैसून: प्लगच काढायला. सावकाश काढा, खाला.