दाराची फळी

वादळ उद्या धडकणार, म्हणून वखारीत सकाळपासून खिडक्यांवर ठोकायच्या फळ्यांसाठी रांग लागली होती. करवतवाल्या मिस्त्रीचे हात भरून आले होते, कान तेवढे रिकामे होते. पुढ्यात एक नवरा-बायको उभे होते.

"खिडक्यांपुरत्या कापा, मिस्त्री," नवरा म्हणाला.

"आणि दाराची एक."

"दाराला कशाला? आप्पा घर सोडणार नाहीत म्हणतात."

"तुझे वडील आत, म्हणून तूही आत. मी आणि पोरांनी कुठं जायचं?"

"ते ऐकत नाहीत गं. मागच्या वेळी निघालो आणि वादळ भलतीकडे वळलं. निवाऱ्याला शाळेत नेलं, तिथं बाकावर झोपून पाठ आखडली, ते अजून ऐकवतात."

"मलाच ऐकवतात, रोज. या वेळी पाणी आपल्या गल्लीत शिरणार, भोंग्यावरून सांगून गेलेत."

"मग काय, उचलून नेऊ?"

"नको. खिडक्या बंद करू, पोरं गाडीत बसवू, आणि दाराच्या फळीला पहिला खिळा तू वाकडा ठोक."

"त्यानं काय होणार?"

"तुझं ठोकलेलं त्यांना कधी पटलंय? हातोडी हिसकावून घ्यायला बाहेर येतील. दार स्वतःच्या हातानं बंद करतील, पक्कं. मग आत कसे जातील?"

नवऱ्याने पायावरचा भुसा झटकला.

"मुद्दाम वाकडा ठोकावा लागणार नाही," तो म्हणाला.

मिस्त्रीने टेप उघडली. "दाराची उंची सांगा."