चार कुठले रे?

महाडच्या एसटी स्टँडवर संजीवनी पोलादपूरच्या गाडीची वाट बघत होती. शेजारी बसलेल्या महरुन्निसाबी फोनचा स्पीकर लावून मस्कतला गेलेल्या लेकाशी, तौकीरशी बोलत होत्या.

"अम्मी, बेडकांच्या काचपेटीत आज किती डिग्री हाय?"

"परवा बत्तीस होती. आज पंचवीस."

"एवढी उतरली कशी? तिथं तर आग पडली असेल!"

"वरचा दिवा काढला, पेटी मोरीजवळच्या गार लादीवर ठेवली. ओलं फडकं टाकून पंखा लावला."

"आणि लाकडावरची बुरशी?"

"लाकूड उकळून काढलं, कुजकी पानं फेकली. तू झाकण घट्ट लावून गेलास, हवा जाणार कुठून? मी बारीक जाळी बसवली."

"ते पांढरे किडे मारले नाय ना? ते बुरशी खातात."

"मारणार होते. पण बुरशीवर चरताना दिसले, म्हटलं राहू देत बिचारे."

"अम्मी, खरं सांग. माझे चारही बेडूक हायत ना?"

"चार कुठले रे?"

संजीवनीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

"अगो, बोल ना! किती गेले?"

"गेले कशाला? सकाळी त्या निळ्या बेडकाच्या पाठीवर शेपटीवालं काळं पिल्लू बसलेलं बघितलं. पाच झाले!"

तौकीर असा ओरडला, की पलीकडच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले.

पोलादपूरची गाडी लागली होती. कंडक्टर हाका मारत होता. संजीवनी उठली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"मावशी, फोटो काढलाय का हो त्याचा?"